पावसाळ्यानंतर आउटबोर्ड सुरूच होत नाही, काय काय तपासू?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. कर्ली नदीच्या मुखाजवळ, देवबागच्या बाजूला आमची छोटी फायबरची होडी आहे. तिला १५ एचपीचं आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन): टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एकच कार्बोरेटर, दोरीनं सुरू होणारं. बॅटरी-बिटरी काही नाही. मे संपता संपता होडी वर ओढली, मशीन उतरवून मांगरात (शेडमध्ये) लाकडी घोडीवर उभं करून ठेवलं. त्याआधी पिंपात गोड्या पाण्यावर चालवून आतलं मीठ धुऊन घेतलं होतं. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल साधारण अर्ध्यापर्यंत होतं, तीही शेजारीच ठेवली.

आता नारळी पौर्णिमा होऊन गेली, शेजारच्या होड्या जाळी टाकून आल्यासुद्धा, आणि आमचं मशीन ढिम्म. दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला. पेट घेत नाही, खोकत नाही, धूरही नाही. चोक ओढून, चोक न ओढता, थोडा थ्रॉटल देऊन, सगळं झालं. आमच्या मिस्त्रीकडे रांग लागलीय, तो गणपतीनंतर येतो म्हणतो. माझ्याकडे साधे पाने, प्लगपाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढंच. जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो चढत नाहीयेत, रेंजची बोंब आहे.

निवांत_लाट
आधी लाल दोरीची क्लिप बघा. हसू नका. किल स्विचमध्ये (मशीन बंद करायच्या बटणात) क्लिप नसेल तर जन्मभर दोरी ओढलीत तरी ठिणगी पडणार नाही. मग गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघा. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय ना ते. पुष्कळांचं दुखणं इथेच बरं होतं आणि पुढचे प्रतिसाद वाचायची वेळ येत नाही.

तांडेल_मालवणी
बाबा रे, मशीनाक काय एक झालेला नसतला. टाकीतला पेट्रोल पयला काढून टाक. खाडीत नाय हां, कॅनात!

खाडीकाठ
@निवांत_लाट, क्लिप, न्यूट्रल, हवेचा स्क्रू, तिन्ही ठीक आहेत.
@तांडेलकाका, झाकण उघडून वास घेतला. नेहमीचा झणका नाही, काहीसा आंबूस, वार्निशसारखा वास आहे. पण पेट्रोल दोन-अडीच महिन्यांत खराब होतं का? बाबांच्या वेळी टाकी दिवाळीपर्यंत तशीच पडून असायची आणि मशीन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत चालू व्हायचं.

जेट_आणि_सुई
बाबांच्या वेळचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही, पण त्यावर नंतर येऊ. आत्ताच अंदाजावर कार्बोरेटर उघडायला घेऊ नका. रत्नागिरीला माझ्याकडे ऑगस्टमध्ये जी मशीनं येतात त्यातली बरीचशी घरी ‘दुरुस्त’ करून झाल्यावर येतात, आणि मग मूळ दुखणं कुठलं आणि नवीन कुठलं हेच कळत नाही.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल आणि दाब. याच क्रमानं जा, कारण हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो.

पेट्रोलची टाकी आणि पाइप आधी मशीनपासून सोडवून लांब ठेवा. हे विसरू नका, कारण पुढे ठिणगी पाडायची आहे. मांगरात नको, उघड्यावर करा. दोन्ही प्लग काढा आणि काढल्या काढल्या त्यांची तोंडं बघा. ओली आणि पेट्रोलचा वास येणारी असतील तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय, दोष ठिणगीत किंवा पेट्रोलच्या दर्जात. कोरडी ठाक असतील तर पेट्रोल पोचतच नाही. या एका निरीक्षणानं अर्धं काम वाचतं, आणि लोक नेमकं हेच न बघता प्लग फडक्यानं पुसून मोकळे होतात.

मग प्लग परत आपापल्या कॅपमध्ये बसवा आणि त्यांची धातूची बाजू इंजिनाच्या ब्लॉकला घट्ट टेकवा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, भोकातून पेट्रोलची वाफ येऊ शकते. दोन्ही प्लग टेकलेले हवेत. कॅप नुसती लोंबकळत ठेवून दोरी ओढली तर करंटला जायला वाट मिळत नाही आणि सीडीआय युनिट (ठिणगीचा करंट देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मरू शकतं. ते युनिट किती महाग आहे ते विचारू नका. दुसऱ्या कुणाला दोरी ओढायला सांगा आणि सावलीत बघा. निळी, टणक आवाजाची ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर आधी नवीन प्लग लावून बघा. प्लगच्या नंबरच्या शेवटी -१० असेल तर फट १ मिलिमीटर. दोन्हीकडे काहीच नसेल तर किल स्विचच्या वायरी आणि अर्थिंगचा बोल्ट बघा. खाऱ्या हवेत तिथे हिरवा गंज चढतो.

दाबासाठी गेज नसेल तर भोकावर अंगठा घट्ट धरा आणि दोरी ओढायला लावा. अंगठा उडाला पाहिजे, दोन्ही सिलिंडरवर सारखाच. हा कच्चा अंदाज आहे, पण अडकलेली रिंग किंवा गेलेली गॅस्केट एवढ्यावरही लक्षात येते. गेज मिळालं तर दोन सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नको.

हे करून इथे लिहा.

सुरमई_प्रेमी
वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे होडी नाही, मशीन नाही, समुद्र तर पुण्याहून चार-पाच तासांवर. तरी साठवली.

सह्याद्री_रायडर
एवढं कशाला? एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा, एका ओढीत चालू होईल. जुन्या डिझेल गाड्यांना आम्ही हेच करतो.

जेट_आणि_सुई
टू-स्ट्रोकला ते करू नका. या इंजिनात वेगळं ऑइल नसतं, क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला जे तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. ईथरच्या स्प्रेमध्ये तेल नाही, उलट आतल्या भिंतींवरचा उरलासुरला ओलावाही तो धुऊन नेतो. भरीला तो अवेळी पेटतो. दोन-तीन वेळा मारला तर इंजिन चालूही होईल, पण पिस्टनवर ओरखडे पडले की त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

त्याऐवजी ताज्या पेट्रोलमध्ये तेल मिसळा (५०:१, म्हणजे लिटरला २० मिली) आणि झाडांवर पाणी मारायच्या छोट्या स्प्रे बाटलीतून इनटेकमध्ये दोन फवारे मारा. इंजिन दोन-चार सेकंद धडधडून बंद पडलं, तर ठिणगी आणि दाब बरोबर आहेत आणि दोष पेट्रोल पोचवण्यात आहे हे नक्की. मशीन मात्र आधी पिंपातल्या पाण्यात उतरवा. पाण्याबाहेर दोन-चार सेकंदसुद्धा नको.

खाडीकाठ
केलं सगळं. पुतण्याला दोरीवर बसवलं.
ठिणगी दोन्हीकडे निळी, चटचट आवाज येतो. प्लगची तोंडं दोन्ही कोरडी. अंगठा दोन्हीकडे उडतो. ताज्या मिश्रणाचे फवारे मारले आणि मशीन खणखणीत भडकलं, मग लगेच बंद! पुतण्या घाबरून मागे पडला.
म्हणजे पेट्रोलच पोचत नाही. आणि आत्ता लक्षात आलं, पाइपमधला रबरी फुगा कितीही दाबला तरी टणक होत नाही. दाबतोय, दाबतोय, पिचपिच आवाज, पण मऊच.

जेट_आणि_सुई
छान. आता इंजिन विसरा, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच बघायचं.

फुगा टणक होत नाही म्हणजे बहुतेक वेळा तो पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. फुग्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेला आहे ना? पाइप काढून परत लावताना उलटा लागतो, भल्याभल्यांकडून होतं. दाबताना फुगा उभा धरा, बाण वर. आतल्या झडपा वजनानं बसतात, आडवा धरून दाबलात तर नीट बसत नाहीत.

मग टाकीकडचं कनेक्टर. त्यात एक छोटी रबरी रिंग असते. ती कडक झाली किंवा चिरली की तिथून हवा आत जाते, आणि गंमत म्हणजे पेट्रोल बाहेर गळत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मशीनच्या बाजूच्या कनेक्टरमध्येही तशीच रिंग. पाइपच्या दोन्ही टोकांचे क्लिप घट्ट करा. पाइप दुमडून बघा, बाहेरून ठीक दिसणारा पाइप आतून सोलत असेल तर त्याचे काळे कण पुढे जाऊन फिल्टरमध्ये अडकतात. मशीनच्या आत छोटा पारदर्शक फिल्टर कप असेल, तोही काढून बघा.

आणि तांडेलकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं ते करा. टाकीतलं पेट्रोल तळापासून उपसून पारदर्शक काचेच्या बाटलीत भरा आणि तासभर न हलवता ठेवा. काय दिसतं ते सांगा.

बीकर
पेट्रोलवर मी थोडं लिहितो, पोटापाण्यासाठी रसायनशास्त्र शिकवतो.

खाडीकाठ, तुम्ही बाबांच्या काळाचं विचारलंत. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसायचं. आपल्याकडे २०२२मध्ये देशभर १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि २०२५पासून जवळपास सगळ्याच पंपांवर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. टाकी अर्धी रिकामी असेल तर उरलेल्या जागेत हवा असते. दिवसा टाकी तापली की ती हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की पावसाळी दमट हवा आत येते. कोकणातला जून-जुलै म्हणजे आर्द्रतेचा कळस. हळूहळू ते पाणी इथेनॉलमध्ये मुरत जातं.

थोडं पाणी मुरलं तर काही बिघडत नाही. पण एक हद्द असते. ती ओलांडली, किंवा तापमान अचानक उतरलं, की इथेनॉल आणि पाणी हात धरून पेट्रोलमधून बाहेर पडतात आणि तळाला जाऊन बसतात. ई२०मध्ये पाणी मुरायला जागा जास्त, त्यामुळे ही वेळ जरा उशिरा येते. पण आली की तळाचा थरही तितकाच जाड.

आता टू-स्ट्रोकच्या दृष्टीनं वाईट भाग. तुम्ही मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, खालच्या थरात ते उतरत नाही. आणि टाकीतली ओढनळी कुठून ओढते? तळापासून. म्हणजे इंजिनाला मिळतं ते पाणी आणि इथेनॉल, तेलाशिवाय. त्यावर ते सुरू झालं नाही हे एका अर्थी बरंच झालं.

तुमच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघता येतं. १०० मिलीच्या मापपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर १०वर न थांबता वाढतो. ई२० असेल तर साधारण २८पर्यंत जाईल. अर्थात चुलीपासून लांब, आणि पात्र परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

अवांतर: रबराच्या रिंगा आणि जुने पाइप कडक होण्यात किंवा फुगण्यातही इथेनॉलचा हात असतो. जुन्या मशीनचं रबर याचा विचार करून बनवलेलं नव्हतं.

मिशिगनकर
बीकर यांच्याशी सहमत. इथे आमच्याकडे हाच प्रकार हिवाळ्यात होतो. ऑक्टोबरमध्ये बोटी पाण्याबाहेर काढतात आणि त्या थेट एप्रिल-मेमध्ये उतरतात. वसंत ऋतू आला की दर शनिवारी गल्लीगल्लीत कुणीतरी दोरी ओढताना दिसतं. इथलं साधं पेट्रोल ई१० असतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांच्या वर जाऊ नका असं सांगतात. ई१५ बोटींमध्ये वापरायला तर इथे कायद्यानंच बंदी आहे. बरेच बोटवाले इथेनॉल नसलेलं पेट्रोल मुद्दाम शोधून भरतात. ई२० वाचून जरा दचकलोच.

थंडीचा एक त्रास तुम्हाला नाही. गिअरच्या घरात सीलमधून पाणी शिरलेलं असेल तर गोठताना फुगतं आणि ॲल्युमिनियमची बॉडी तडकते. म्हणून इथे गिअर ऑइल हिवाळ्याआधी बदलतात, नंतर नाही.

चांभारगोंदेकर
आमचा एक मित्र केरळला होता, तो सांगतो तिकडे मच्छीमार रॉकेलवर चालवतात. ते का नाही करत? इथेनॉलची कटकटच नको.

जेट_आणि_सुई
रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड वेगळी येतात, पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर नेतात. खाडीकाठ यांचं पेट्रोलचं आहे. पेट्रोलच्या मशीनमध्ये रॉकेल घालून प्रयोग करायचा तर दुसऱ्याच्या मशीनवर करा.

चांभारगोंदेकर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

खाडीकाठ
बाटली भरून ठेवली होती. स्पष्ट दोन थर. वर निळसर-हिरवं (आमचं तेल तसलं आहे), खाली चार बोटं गढूळ पिवळट पाणी. बीकर सरांनी लिहिलंय तस्संच, खालच्या थरात तेलाचा रंग अजिबात नाही. टाकीच्या कनेक्टरची रिंग काढली तर नखानं तुकडे पडले. दोन दुखणी एकदम निघाली.

मालवणात नवीन रिंगा, पाइप आणि फुगा मिळाला. टाकी ताज्या पेट्रोलनं विसळून दिवसभर उन्हात उघडी ठेवते... म्हणजे, माझी बायको ठेवते आहे, मी तिच्या मोबाइलवरून लिहितोय आणि तिनं मधेच हातातून घेतला. जुन्या पेट्रोलचं काय करू?

तांडेल_मालवणी
गॅरेजवाल्याक दी. तो भाग धुवूक वापरता. वतूचा नाय खंयच.

खाडीकाठ
दिलं. नवीन पेट्रोल, नवीन मिश्रण. फुगा आता दगडासारखा टणक होतो. आणि मशीन सुरू झालं! पण पूर्ण नाही. चोक ओढलेला असेपर्यंत चालतं, चोक आत ढकलला की गळा दाबल्यासारखं बंद. थ्रॉटल वाढवून धरला तर थोडं जास्त टिकतं, आयडलला आणलं की मेलं.

जेट_आणि_सुई
हे अगदी नेहमीचं. चोक असताना हवा कमी, म्हणून जे थोडंफार पेट्रोल येतं ते पुरतं. चोक काढला की कमी पडतं. आयडलला मरतं आणि वरती टिकतं याचा अर्थ पायलट जेट चोंदला आहे. कार्बोरेटरमधलं सगळ्यात बारीक भोक तेच.

एक खात्री आधी करून घ्या. बंद पडायला लागलं की फुगा दाबत राहा. दाबल्यावर इंजिन तरलं तर कार्बोरेटर नाही, फ्यूल पंपाचा पडदा गेलाय. काही फरक पडला नाही तर कार्बोरेटर काढा.

काढताना मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. खालची वाटी उघडण्याआधी तिचा निचऱ्याचा स्क्रू सोडून काय बाहेर येतं ते बघा. आयडलचा स्क्रू काढायच्या आधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, परत तेवढाच उघडायचा. हलक्या हातानं बसवा, आवळून दाबला तर टोक बिघडतं. फ्लोट आणि त्याची सुई काढून सुईचं टोक बघा, खाच पडली असेल तर बदला. जेटचे स्क्रू पितळेचे आणि मऊ असतात, बरोबर मापाचाच स्क्रूड्रायव्हर लावा, नाहीतर खाच चिरते आणि मग ते कुणाच्या बापाला निघत नाहीत.

साफ करायला कार्ब क्लीनरचा स्प्रे. डोळ्यांवर चष्मा हवाच, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. भोक मोकळं करायला सुई, तार, गिटारची स्ट्रिंग, काहीही लोखंडी घालायचं नाही. भोक शतांश मिलिमीटरनंही मोठं झालं तर मिश्रण कायमचं बिघडतं. विजेच्या बारीक वायरीतला तांब्याचा एक केस किंवा मासे धरायच्या गळाच्या बारीक दोरीचा तुकडा चालेल. जेट उजेडाकडे धरून बघा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. शेवटी हवा मारा. पंक्चरवाल्याकडची हवा चालते, फक्त त्यात पाणी येत नाही ना बघा.

लाटांवर_स्वार
धाग्याच्या मध्येच घुसतोय, माफ करा. आमच्याकडे ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आहे, इंजेक्शनवालं, पॅरासेलिंगच्या बोटीला. जलपर्यटन सुरू व्हायचंय आणि तेही सुरू होत नाही. कार्बोरेटर नाही म्हणजे काय साफ करायचं?

जेट_आणि_सुई
त्याला वेगळा धागा काढा, पण थोडक्यात: आधी बॅटरी. काहीही न लावता १२.६ व्होल्ट हवेत. १२च्या खाली असेल तर स्टार्टर फिरेलही, पण इंजेक्शनचा संगणक आणि पंप नीट चालणार नाहीत. बॅटरीचे क्लॅम्प घासून स्वच्छ करा. किल्ली ऑन केली की दोन-तीन सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज आणि रिले. घूं येते तरी सुरू होत नाही, तर पेट्रोल फिल्टर आणि त्यामागची छोटी टाकी, तिला व्हीएसटी म्हणतात, तिच्यात हेच कुजलेलं पेट्रोल बसलेलं असेल. ती उघडणं घरचं काम नाही, पेट्रोल दाबाखाली असतं. तिथे मेकॅनिकला बोलवा.

लाटांवर_स्वार
बॅटरी ११.८. 😀 चार्जिंगला लावली. नवीन धागा नको आता.

खाडीकाठ
कार्बोरेटर उघडला. फुगा दाबून काही फरक पडत नव्हता म्हणून पंपाला हात लावला नाही. वाटीच्या तळाला पांढरी-हिरवी भुकटी, ओलसर, पिठूळ. पायलट जेटमधून उजेडच दिसत नव्हता. तांब्याचा केस आणि स्प्रे, दोन-तीनदा करावं लागलं. फेरे मोजून ठेवले होते ते फार कामाला आलं. फिल्टर कपातही तसलाच गाळ होता.

लावलं, दुसऱ्या ओढीत चालू. चोक आत, आयडलला गुरगुरत राहिलं. पुतण्या नाचला. पण मंडळी, मागून पाण्याची पिचकारी (इंजिन गार करून बाहेर पडणारं पाणी) येत नाहीये. मशीन पिंपातच आहे, पाणी पंख्याच्या वरपर्यंत भरलेलं.

निवांत_लाट
बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा, मग वाचा.

जेट_आणि_सुई
बंद केलंत ना? पिंपातलं पाणी वरच्या आडव्या पत्र्याच्याही वर हवं, नाहीतर पाणी घ्यायची जाळी अर्धी उघडी राहते. तेवढं असेल तर इंपेलर (पाणी वर चढवणारं चाक) काढायच्या आधी पिचकारीच्या भोकात वीडव्हॅकरची (गवत कापायच्या मशीनची) प्लॅस्टिकची दोरी किंवा गळाची जाड दोरी घालून बघा.

तांडेल_मालवणी
कुंभारीण बघ. मांगरात ठेवलंस मां? तिका असली भोकां लय आवडतत. माझ्या मशीनात दर वर्साक घर करता.

बीकर
कुंभारीण माशी म्हणजे ओल्या मातीची नळीसारखी घरटी करणारी गांधीलमाशीची बहीण. टाकीच्या हवेच्या भोकातही करते बरं का, तेव्हा तेही बघाच.

खाडीकाठ
तांडेलकाका, पाया पडतो. भोकातून बोटभर वाळलेली माती निघाली, आत अळ्यांचं खाद्य म्हणून कोळी भरून ठेवलेले. पुतण्यानं ते शाळेत न्यायला डबीत घातले. दोरी घालून, पाण्याचा फवारा मारून भोक मोकळं केलं. आता पिचकारी येते, पण जोर कमी वाटतो.

जेट_आणि_सुई
जोर कमी असेल तर इंपेलर बदलाच. रबरी पात्यांचं चाक असतं ते, महिनोन्महिने एकाच जागी दबून राहिलं की पाती वाकलेलीच राहतात, परत सरळ होत नाहीत. किंमत मशीनच्या मानानं काहीच नाही. खालचा भाग उतरवाल तेव्हा गिअरची उभी दांडी आणि पाण्याची नळी बसवताना घाई करू नका, तिथे जोर लावून काही होत नाही, दांडी किंचित फिरवत बसवावी लागते. इंपेलर बसवताना दांडी ज्या दिशेला फिरते त्या दिशेला फिरवत घाला म्हणजे पाती बरोबर झुकतात. दांडीतली छोटी चावी पडू देऊ नका. गवतात पडली तर सापडत नाही.

सुरमई_प्रेमी
पुढच्या पावसाळ्यात काय करायचं तेही एकदा लिहा की. होडी घेतली तर उपयोगी पडेल.

मिशिगनकर
इथली पद्धत: टाकी काठोकाठ भरायची म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घालायचा, दहा मिनिटं इंजिन चालवून तो कार्बोरेटरपर्यंत पोचवायचा. मग इनटेकमधून फॉगिंग ऑइल (आतले भाग गंजू नयेत म्हणून मारायचं तेल) फवारून बंद करायचं.

जेट_आणि_सुई
ई१०ला ठीक आहे. ई२० आणि कोकणातला पावसाळा असेल तर मी टाकी पूर्ण रिकामी करायला सांगतो, आणि ते पेट्रोल दुचाकीलाही नाही, त्यात टू-स्ट्रोक तेल आहे. गवत कापायच्या टू-स्ट्रोक मशीनवाल्याला ताजं असतानाच देऊन टाका. त्याचं प्रमाण काय ते मात्र विचारून द्या. मग पिंपात चालू मशीनचा पाइप काढायचा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. एवढ्यानं वाटी पूर्ण कोरडी होत नाही, तळाशी थोडं उरतंच, आणि ती भुकटी त्या उरलेल्यातूनच होते. म्हणून निचऱ्याचा स्क्रू सोडायचाच. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल, दोरी हळू दोन-तीनदा, प्लग परत. पिचकारीच्या भोकाला कापडाचा बोळा, लाल रंगाचा, म्हणजे काढायची आठवण राहते. मशीन उभंच ठेवायचं, आडवं पाडलं तर आत उरलेलं पाणी उलट्या वाटेनं सिलिंडरकडे जाऊ शकतं.

मिशिगनकर
रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त, मग गंज?

जेट_आणि_सुई
प्लॅस्टिकची टाकी असेल तर गंजायला काय आहे? पत्र्याची असेल तर तुमचं बरोबर, तिला आतून तेलाचा हात द्यावा लागेल. आणि तेल घेताना टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या, बोटीचं. स्कूटरचं टू-टी हवेनं गार होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, आउटबोर्डमध्ये प्लगवर राख साचते.

खाडीकाठ
इंपेलर बदलला, पिचकारी आता पिंपाबाहेर उडते. काल संध्याकाळी खाडीत फेरी मारून आलो. आयडल, मधला वेग, पूर्ण वेग, सगळं नीट. सगळ्यांचे आभार.
शेवटचा प्रश्न. खालचा भाग उतरवलेलाच होता म्हणून गिअर ऑइलचा स्क्रू सोडून बघितला. तेल चहासारखं दुधाळ आलं. चालवू का हंगामभर?

जेट_आणि_सुई
नको. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. आधी पंखा काढून त्याच्या दांडीवर गळाची दोरी गुंडाळली गेलीय का बघा, तिकडे ती हमखास अडकते आणि सील कापते. दोरी काढा, सील बदलून घ्या, हे मात्र मिस्त्रीकडून. दोन्ही स्क्रूंचे वॉशरही नवीन घाला, कधीकधी तेवढाच दोष असतो. तेल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालची नळी काढून पटकन खालचा. थोडे दिवस चालवून परत एकदा स्क्रू सैल करून रंग बघा.

खाडीकाठ
पंखा काढला. तंगूसाची दोरी, चांगली वीतभर. मिस्त्रीला फोटो पाठवलाय, म्हणतो गौरी विसर्जन झालं की येतो.

तांडेल_मालवणी
माझ्याकडे सील आसा. येवन घेवन जा.